रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी

रविवारी दुपारचं जेवण, थोडी झोप, चारचा चहा, इथपर्यंत सगळं ठीक असतं. उन्हं उतरली की एकेक आठवायला लागतं. सोमवारची मीटिंग, बुधवारपर्यंत द्यायचा रिपोर्ट, शुक्रवारी साहेब काय म्हणतील, आणि या सगळ्यात रोजची गाडी. काम सुरूही झालेलं नसतं आणि पाच दिवसांचा थकवा आधीच अंगात भरतो. ज्यांना हे दर आठवड्याला होतं त्यांच्यासाठी लिहिते आहे.

मी अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स आणि पगाराचं काम बघते. राहते डोंबिवलीला. घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने चकाला. आमच्या कामाला दर महिन्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून ठेवलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे आरोग्य विम्याची वर्गणी, २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचा हिशेब आणि भरणा. एक तारीख गेली की दुसरी दारात उभी. अशा कामात सगळा महिना एकदम डोक्यात घेतला तर माणूस टिकत नाही. एका दिवसापुरतं बघायचं, हे मी हळूहळू शिकले. पण "उद्याचं उद्या बघू" असं नुसतं म्हणून कुणाची चिंता जात नाही, हेही मला माहीत आहे. ते उद्याचं आज रात्री ठेवायचं कुठे, हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर देता येतं.

मला ते पहिल्यांदा उमगलं माझ्या धाकट्या मामांमुळे. ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना जायचे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संघटनेचे गट मुंबईतही भरतात. तिथे कुणाकडूनही आयुष्यभराची शपथ घेत नाहीत. आज प्यायची नाही, एवढंच ठरवायचं. मामा म्हणायचे, "जन्मभराचं मला झेपलंच नसतं गं. आजचं झेपतं." नोकरीची चिंता आणि व्यसन यांची बरोबरी मी करत नाही. पण न पेलणारी गोष्ट एका दिवसाच्या मापाची करून घ्यायची, ही रीत मी त्यांच्याकडून उचलली.

रविवारी: प्रत्येक चिंतेला एक वार

दिवेलागणीच्या आधी एक कागद घ्या. वही नको, पाठकोरा कागदच बरा, कारण त्यावर नीटनेटकं लिहायचं दडपण येत नाही. डोक्यात जे जे घोळतंय ते लिहून काढा. मोठं-छोटं, ऑफिसचं-घरचं, कसंही. "ऑडिटरचे प्रश्न." "नवीन मॅनेजर तोडून बोलतात." "आईचं बीपी." "पाऊस लागला तर गाड्या." सगळं. दहा मिनिटांत कागद भरतो.

मग प्रत्येक ओळीसमोर एक वार लिहा. त्या गोष्टीसाठी मला प्रत्यक्ष हात हलवावा लागेल तो वार. मुदत संपते तो वार लिहू नका. रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा असेल तर आकडे मंगळवारी मागवायचे आहेत, म्हणून त्याच्यापुढे मंगळवार. हे करताना एक गोष्ट दिसते आणि ती दिसली की छाती थोडी मोकळी होते: सोमवारच्या वाट्याला फारच थोडं येतं. रविवारी संध्याकाळी जे अंगावर येतं त्यातलं बरंचसं सोमवारचं नसतंच.

काही ओळींना वार मिळत नाही. त्यांचे दोन प्रकार असतात. काही गोष्टी दुसऱ्याच्या हातात असतात. तिथे त्या माणसाचं नाव लिहायचं आणि मी त्याला कधी विचारणार तो वार. दुसरा प्रकार अवघड. "कंपनीत माणसं कमी करणार म्हणतात." यावर सोमवारी काय करणार? काहीच नाही. अशा चिंतेला मी शनिवारी सकाळी अकराची वेळ देते. त्या अर्ध्या तासात बायोडेटा काढून एक ओळ सुधारायची, बँकेत किती महिन्यांचा घरखर्च निघेल ते बघायचं, जुन्या सहकाऱ्याला फोन करायचा. मधल्या दिवसांत तो विचार आला की मनात म्हणायचं, "शनिवारी अकराला." त्याला हाकलत बसायचं नाही, नुसती वेळ सांगायची. मानसोपचारातही चिंतेसाठी ठरावीक वेळ राखून ठेवायची पद्धत आहे. त्यात रोजची वेळ देतात. मला आठवड्यातून एकदाची पुरते, तुम्हाला रोजची लागत असेल तर जेवणानंतरची पंधरा मिनिटं ठेवा. झोपायच्या आधीची मात्र नको.

आता ही कामं भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या त्या चौकोनात उतरवा. जिथे आपण दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो, तिथेच. मोबाइलमधलं कॅलेंडर चालत असेल तर चालवा, पण ते बघायला मोबाइल उघडावा लागतो, आणि मोबाइलमध्ये ऑफिसचा ग्रुप असतो.

कागद फाडून टाका. मी फाडतेच. काम चौकोनात गेलं, कागदाचं काम संपलं.

रात्री

झोपायच्या आधी फक्त उद्याची कामं लिहायची. पाच मिनिटं, जास्त नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुण मुलामुलींवर असा प्रयोग झाला होता. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी करून झालेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं आधी झोप लागली, आणि ज्यांनी जितकं बारकाईने लिहिलं त्यांना तितकी लवकर. म्हणून "बँकेचं बघणे" असं लिहू नका. "सकाळी बँकेचं स्टेटमेंट काढून गेल्या आठवड्याच्या नोंदी जुळवणे" असं लिहा. अर्धवट लिहिलेलं काम डोकं रात्रभर पूर्ण करत बसतं.

तीन वाजता जाग आलीच तर मोबाइलला हात लावायचा नाही. उशाशी कागद-पेन्सिल असू द्या. अंधारातच एक शब्द लिहा आणि त्यापुढे वार. मग चार मोजत श्वास आत घ्या, सहा-आठ मोजत बाहेर सोडा. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके उतरतात. दहा-बारा वेळा करा. झोप नाही आली तरी पडून राहणं ठीक आहे. घड्याळ बघून "आता अडीचच तास उरले" हा हिशेब करू नका.

सोमवारची सकाळ

जाग आल्या आल्या जी धडधड असते, तिच्यावरून दिवस कसा जाईल ते ठरवू नका. उठल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, वाढतं, हे सगळ्यांचंच होतं. सुट्टीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी ही वाढ जास्त असते, असंही अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे सकाळी सहाला "आज काही जमणार नाही" असं वाटतं तेव्हा शरीर नुसतं जागं होत असतं. तेवढा पाऊण तास हात कामात ठेवा. डबा भरा, झाडांना पाणी घाला. कुठलाही निर्णय त्या वेळात घेऊ नका. राजीनाम्याचे विचार बहुतेक त्याच वेळात येतात.

चहाबद्दल थोडं. पोटात काही नसताना दोन-तीन कप चहा झाला की हात थरथरतात आणि ते भीतीसारखंच वाटतं. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं. आमच्या लोकलच्या डब्यातल्या कितीतरी जणी सोमवारचा उपवास करतात आणि सकाळ नुसत्या चहावर काढतात. उपवास सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण घरातून निघताना केळं-दूध किंवा चार घास साबुदाण्याच्या खिचडीचे खा. आठवड्यातला सगळ्यात जड दिवस आणि रिकामं पोट एकत्र येऊ देऊ नका.

सोमवारचं पहिलं काम असं निवडा की जे वीसएक मिनिटांत संपेल आणि ज्यासाठी कुणाच्या उत्तराची वाट बघावी लागणार नाही. माझं ठरलेलं आहे: बँकेचं स्टेटमेंट जुळवणे. तुम्ही शिक्षक असाल तर एका वर्गाच्या वह्या, दुकानात असाल तर एका फळीवरचा माल. ते झाल्यावरच मेल उघडायची. मेल आधी उघडली की दिवस दुसऱ्यांनी आखलेला असतो.

गाडीत

मुंबईत ऑफिस आणि घर यांच्यामध्ये तास-दीड तास असतो. त्याबद्दल आपण सगळे तक्रार करतो आणि ती खरीच आहे. सकाळी डोंबिवलीहून फास्टला चढणं ही काही शांत होण्याची जागा नव्हे. तरीही या वेळाची हद्द आखून घेता येते. जाताना ठाण्यापर्यंत मी ऑफिसचा विचार करत नाही. चौथी सीट मिळाली तर डोळे मिटते, उभी असले तर बाहेर बघते. ठाण्यानंतर आजची तीन कामं मनात म्हणते. तीनच. घाटकोपरला उतरेपर्यंत ती पक्की होतात.

परतताना उलटं. घाटकोपर ते ठाणे ऑफिसला परवानगी. काय राहिलं, कोण काय बोललं, सगळं उगाळून घ्यायचं. गाडीने ठाण्याची खाडी ओलांडली आणि मुंब्र्याचा डोंगर दिसला की बंद. तुम्ही वसई-विरारला राहत असाल तर तुमच्या वाटेतही खाडी आहे, नवी मुंबईत राहत असाल तर वाशीचा पूल आहे. रोज डोळ्यांना दिसणारी एखादी खूण धरा. घरूनच काम करणाऱ्यांनी काम संपल्यावर लॅपटॉप कपाटात ठेवून खाली एक फेरी मारून यावं, दूध आणायला का होईना. त्याच टेबलावर जेवायला बसू नये.

दिवसाच्या मध्ये कुणी पुढचा दिवस आणून टाकला तर

ही सगळ्यात अवघड वेळ, म्हणून इथे जरा थांबते.

मंगळवारी दुपारी साहेब जाता जाता म्हणतात, "शुक्रवारी बसून बोलू आपण." एवढंच. पुढचे तीन दिवस त्या एका वाक्यात जातात. जेवताना तेच, गाडीत तेच. काय चुकलं, कोणी काय सांगितलं, पगारवाढ की मेमो. या वाक्याला त्याच दिवशी उत्तर द्यायचं असतं. घरी जायच्या आधी त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारा: "सर, शुक्रवारी कशाबद्दल बोलायचंय? त्याप्रमाणे कागद काढून ठेवते." यात उर्मटपणा काही नाही, कामाची तयारी आहे. दहातल्या आठ वेळा उत्तर साधं असतं, कुठल्या तरी व्हेंडरचं पेमेंट किंवा रजेचा तक्ता. उत्तर नाही मिळालं, "बघू शुक्रवारी" असंच म्हणाले, तरी तुम्ही तुमच्याकडचं काम केलेलं असतं. मग चौकोनात लिहा: गुरुवार, दुपारी चार, गेल्या तीन महिन्यांची कामं एका पानावर. गुरुवारी चारपर्यंत या विषयाला तुमच्याकडे काम नाही.

ज्यांना विचारायची भीती वाटते त्यांनी वाक्य आधी लिहून घ्यावं आणि वाचल्यासारखं म्हणावं. मी आमच्या ऑफिसातल्या नवीन मुलींना हेच सांगते. आवाज कापला तरी चालतो, प्रश्न पूर्ण गेला पाहिजे.

दुसरा प्रसंग: तारखा खरोखरच एकमेकींवर येतात. २० तारीख उद्या आणि विक्रीची बिलं अजून आलेली नाहीत. अशा वेळी "एकेक दिवस" हेही मोठं होतं, मग दुपारपर्यंतचं बघायचं. आणि भीतीला आकडा द्यायचा. समजा जीएसटीआर-३बी तीन दिवस उशिरा गेला. लेट फी दिवसाला ५० रुपये. कर दोन लाख असेल तर वर्षाला १८ टक्क्यांनी तीन दिवसांचं व्याज जवळपास २९६ रुपये. दोन्ही मिळून साडेचारशेच्या आत. उशीर करावा असं मी मुळीच म्हणत नाही, मला स्वतःला तो खपत नाही. पण रात्री अकराला जी भीती छातीवर बसते तिला माप नसतं. ४४६ रुपयांना माप असतं. तुमच्या कामात पैसे नसतील तर हेच दुसऱ्या शब्दांत विचारा: हे उद्या नाही झालं तर नेमका कोणाचा फोन येईल, तो काय म्हणेल, आणि मी त्याला काय उत्तर देईन? उत्तराचं वाक्य लिहून झालं की कामाला लागता येतं.

ऑफिसच्या ग्रुपवर रात्री मेसेज आला तर? ग्रुप म्यूट करा आणि साहेबांना एकदाच सांगून ठेवा, "रात्री काही तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन." मेसेज सहज टाकला जातो, फोन करताना माणूस विचार करतो. ज्यांचं कामच रात्री-अपरात्री बोलावण्याचं आहे त्यांना हे लागू नाही. माझी नणंद स्टाफ नर्स आहे, तिचा वीक-ऑफ कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. तिचा रविवार दर आठवड्याला जागा बदलतो. ती ड्युटीचा तक्ता आला की आपल्या ऑफच्या संध्याकाळी कागद करते, बाकी सगळं तसंच.

निघताना

शेवटची दहा मिनिटं राखा. झालेल्या कामांवर रेघ मारा. राहिलेल्याला नवा वार द्या आणि उद्याचं पहिलं काम लिहा. तीनपैकी दोन झाली तर दिवस चांगला गेला असं मानते मी. तिन्ही रोज होत असतील तर तुम्ही कामं फार छोटी निवडताय.

जिथे हे पुरत नाही

काही ठिकाणी एकेक दिवस ढकलणं म्हणजे अन्याय सोसणं होतं. दोन माणसांचं काम एकावर महिनोन् महिने आहे, पगार अडकतोय, कुणी घाणेरडं बोलतंय किंवा अंगचटीला येतंय, तर कागदावर वार लिहून ते सुटणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायला हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. तिथेही पायऱ्या पाडता येतात: आज तारीख-वेळेसकट लिहून ठेवायचं, उद्या मेसेज जपून ठेवायचे, परवा एका विश्वासातल्या माणसाला सांगायचं. पण मुदतीवर डोळा ठेवायचा.

आणि शरीराचं. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली आहे, गाडीत चढताना घाम फुटून श्वास कोंडतो, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलंय, तर डॉक्टरकडे जा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या फोनसेवेचा नंबर आहे, सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला. मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन हॉस्पिटल, या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन ओपीडीचा केसपेपर काढायचा. तिथे ओळखीचं कुणी भेटेल म्हणून जायचं टाळू नका, तेही कशासाठी तरी आलेले असतात. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल आणि दरदरून घाम येत असेल, तर ती चिंता आहे असं घरच्या घरी ठरवू नका. १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

घरच्यांना

तुमच्या घरात असं कुणी असेल तर रविवारी संध्याकाळी "आता कशाला चेहरा पाडून बसलीस" हे टाळा. "हा आठवडा कसा आहे तुझा" हेही नको, कारण त्याने पाचही दिवस पुन्हा समोर येतात. "उद्या पहिलं काय आहे?" एवढंच विचारा. आमचे हे पूर्वी धीर द्यायला म्हणायचे, "होईल सगळं व्यवस्थित." चांगल्या मनाने म्हणायचे, पण त्याने माझं काही हलायचं नाही. आता ते उद्याचं पहिलं काम विचारतात आणि डब्याला कुठली भाजी करू तेही विचारतात. समोरासमोर बसून विचारलं की बहुतेकांना उत्तर सुचत नाही. मेथी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना विचारलं तर माणूस आपण होऊन बोलतं.